‘कमाल’ : एका नौकानयन-उपकरणाची रचना आणि त्यामागील वाङ्मय

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला नौकानयनाच्या जुन्या उपकरणाशी काय कर्तव्य, असा प्रश्न या लेखाच्या आरंभी कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी अपेक्षा आहे. येथे एवढेच नमूद करतो की, ज्या उपकरणाचा परिचय करून द्यावयाचा आहे, त्याचा अर्धा भाग लाकडाचा व दोरीचा असून उरलेला अर्धा भाग पद्याचा आहे. यांतील एक अर्धा दुसऱ्यावाचून निकामी ठरतो. पद्याचा हा भाग वाङ्मयाच्या कक्षेत येतो की येत नाही, हा प्रश्न आपल्या अभ्यासविषयाच्या सीमांना स्पर्श करणारा आहे.

उपकरणाचे नाव ‘कमाल’. कमळाशी त्याचा काही संबंध नाही. ‘कमालीचा’ किंवा ‘कमाल मर्यादा’ असे आपण म्हणतो तेव्हा जो अरबी शब्द वापरतो, तोच हा शब्द. मूळ अरबीत त्याचा अर्थ पूर्णता, परिपूर्णता असा आहे. मराठीत तो परमावधीच्या अर्थाने स्थिरावला. हिंदी महासागरातील दर्यावर्दींच्या बोलीत तो एका चिमुकल्या फळीला चिकटला. त्याआधीच्या अरबी नौकानयन-वाङ्मयात या साधनाला नुसते ‘खशबा’, म्हणजे लाकूड, म्हणत. चोलमंडल किनाऱ्यावरील तमिळ नावाड्यांमध्ये ‘रापलगै’ हा शब्द होता. ‘रा’ म्हणजे रात्र आणि ‘पलगै’ म्हणजे फळी. ‘फलक’ व ‘फळी’ या आपल्या शब्दांशी त्याचे साम्य उघड आहे. रात्रीची फळी हे नाव या साधनाचे सर्वांत नेमके वर्णन म्हणावे लागेल.

रचना

कमालची रचना एका वाक्यात सांगता येते. लाकडाचा किंवा शिंगाचा एक लहान आयताकृती तुकडा, त्याच्या मध्यबिंदूतून ओवलेली एक दोरी आणि त्या दोरीवर ठरावीक अंतरांवर मारलेल्या गाठी. यापलीकडे त्यात काही नाही. चक्र नाही, काटा नाही, अंशांच्या खुणा नाहीत.

वापरण्याची रीतही तितकीच साधी आहे. दोरी दातांत धरावयाची, फळी डोळ्यासमोर ताणून धरावयाची आणि तिची खालची कड क्षितिजरेषेला टेकवावयाची. मग फळी पुढेमागे सरकवीत तिची वरची कड ध्रुवताऱ्याला नेमकी स्पर्श करील असे अंतर शोधावयाचे. त्या क्षणी जी गाठ दातांत असेल ती ताऱ्याची उंची सांगते. उत्तर गोलार्धात ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची ही पाहणाऱ्याच्या अक्षांशाएवढी असते. म्हणून ताऱ्याची उंची कळली की आपण उत्तरेस किती आहोत हेही कळते.

यामागील भूमिती शाळकरी आहे. फळी डोळ्याजवळ आणली की ती आकाशाचा मोठा भाग झाकते. दूर नेली की लहान भाग झाकते. लहान कोनांच्या बाबतीत हे प्रमाण जवळजवळ व्यस्त असते. अंतर दुप्पट केले की कोन निम्मा होतो. गाठी समान अंतरांवर का नसतात, फळीजवळ दाट व पुढे विरळ का होत जातात, याचे कारण हेच.

या उपकरणाचे इंग्रजीतील महत्त्वाचे आद्य वर्णन जेम्स प्रिन्सेप याने १८३६ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिले. ब्राह्मी लिपीच्या वाचनासाठी प्रसिद्ध असलेला हाच तो प्रिन्सेप. १८३७ मध्ये अशोकाच्या लेखांची अक्षरे लावणारा हा मनुष्य त्याच्या आदल्या वर्षी दर्यावर्दींना विचारून दोरीवरच्या गाठी वाचत होता, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याने वर्णिलेला शिंगाचा तुकडा सुमारे दोन इंच लांब व एक इंच रुंद असून दोरीवर नऊ गाठी होत्या. गाठी मारण्याचा जो नियम त्याने नोंदविला, तो असा :

फळीच्या लांबीच्या पाचपट अंतर घ्यावे व ते मूळ माप मानावे. त्याचे बारा भाग करून त्यांतील सहा भागांवर, फळीपासून मोजून, पहिली गाठ मारावी. ती ‘बारा’ची गाठ. मग त्याच मूळ मापाचे अकरा भाग करून सहा भागांवर ‘अकरा’ची गाठ मारावी. असेच पुढे दहा, नऊ, आठ, सात भाग करीत जावे. सहा भाग केले की सहावा भाग मूळ मापाच्या टोकाशीच येतो. ती ‘सहा’ची गाठ. तिच्यापुढे फळीची एक लांबी मोजून ‘पाच’ची आणि त्याच्याही पुढे दीड लांबी मोजून ‘चार’ची गाठ मारावी.

हा नियम ऐकताना किचकट वाटतो. प्रत्यक्षात त्यात विलक्षण सुसंगती आहे. कोणत्याही गाठीचे फळीपासूनचे अंतर म्हणजे फळीच्या लांबीची तीसपट भागिले त्या गाठीचा अंक, एवढेच त्याचे सार. पाच सेंटिमीटर लांबीचा पुठ्ठा घेतला तर बाराची गाठ साडेबारा सेंटिमीटरवर, दहाची पंधरावर, नऊची सुमारे १६.७ वर, आठची १८.७५ वर, सहाची पंचवीसवर, पाचची तीसवर आणि चारची साडेसदतीसवर येते. ज्याला भागाकार लिहिता येत नाही, पण दोरी दुमडून तिचे समान भाग पाडता येतात, अशा माणसालाही हा नियम पाळता येतो. त्रिकोणमितीचे कोष्टक येथे दोरीच्या घड्यांमध्ये उतरले आहे. त्यातील चूकही नगण्य आहे. हिशेब केला तर बाराच्या गाठीशी एका अंकाचे मूल्य सुमारे १.८९ अंश आणि चारच्या गाठीशी सुमारे १.९१ अंश येते. संपूर्ण पट्ट्यात सुमारे एका टक्क्याचा फरक पडतो.

एकक : बोट

गाठींचे हे अंक कशाचे? अंशांचे नव्हेत, बोटांचे. अरबीत ‘इस्बा’ म्हणजे बोट. हात लांब करून क्षितिजावर आडवे धरलेले एक बोट आकाशाचा जेवढा भाग झाकते तेवढा एक इस्बा. संस्कृत ज्योतिषात शंकूची छाया अंगुलांत मोजतात, आपण पाण्याची किंवा कापडाची मापे बोटांत सांगतो, त्याच जातीचे हे एकक आहे. मिंग काळातील चिनी नावाड्यांकडे शिसवी बारा फळ्यांचा संच असे. त्यांच्या एककाच्या नावाचा अर्थही ‘बोट’ असाच होतो. उपकरणाची वाढ कशी झाली असावी, हे यावरून दिसते. प्रथम हात, मग हाताऐवजी वेगवेगळ्या आकारांच्या फळ्या, आणि अखेरीस अनेक फळ्यांऐवजी एकच फळी व अनेक गाठी.

मधल्या अवस्थेचा पुरावा ग्रंथांत आहे. उस्मानी आरमाराचा अधिकारी सीदी अली रईस याने गुजरातेत अडकून पडलेला असताना १५५४ मध्ये, अहमदाबादेस, ‘मुहीत’ हा तुर्की ग्रंथ लिहिला. त्यात जुन्या पद्धतीच्या नऊ फळ्यांचे वर्णन आहे. सर्वांत लहान फळी चार इस्बांची आणि सर्वांत मोठी बारा इस्बांची. प्रिन्सेपच्या दोरीवरील गाठीही नऊच, आणि त्याही चारपासून बारापर्यंतच. नऊ फळ्यांचे काम पुढे नऊ गाठी करू लागल्या, हे येथे स्पष्ट होते.

अरबी ग्रंथांत वर्तुळाचे २२४ इस्बा मानलेले आढळतात. म्हणजे एक इस्बा सुमारे १ अंश ३६ कला. नंतरच्या गणनेत २१० इस्बा धरले आहेत; म्हणजे सुमारे १ अंश ४३ कला. प्रिन्सेपने नोंदविलेल्या गाठींच्या नियमातून मात्र सुमारे १ अंश ५४ कला निघतात. ग्रंथ एक सांगतो आणि वस्तू दुसरे. आपल्यासारख्या पाठचिकित्सेची सवय असलेल्यांची पहिली प्रतिक्रिया यांपैकी एक पाठ ‘शुद्ध’ व दुसरा ‘भ्रष्ट’ ठरविण्याची असते. ती येथे आवरली पाहिजे. जहाजाचा मालिम एका बंदरावर ताऱ्याची उंची ज्या फळीने घेई, त्याच फळीने, त्याच दातांनी, तो दुसऱ्या बंदराची उंची ओळखत असे. त्याला दोन वाचनांमधील मेळ हवा होता. वर्तुळाचा नेमका कितवा भाग हे त्याला नको होते. ग्रंथातील इस्बा वर्तुळ विभागून आला आहे, दोरीवरील इस्बा हातातून आला आहे. दोघांचे प्रयोजन वेगळे, म्हणून दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

इस्बाचे आठ भाग पडतात. त्या प्रत्येकाला ‘झाम’ म्हणतात. झाम हे काळाचेही माप आहे : तीन तासांची एक पाळी. आठ झाम म्हणजे एक अहोरात्र, आणि एक अहोरात्र सरळ उत्तरेस गेले की ध्रुवतारा एक इस्बा वर चढतो, असा हा हिशेब. आपल्या परंपरेतही ‘याम’ किंवा प्रहर हा तीन तासांचाच असून अहोरात्रीचे याम आठच आहेत. या साम्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेलेले आहे. एकाच किनाऱ्यावर शतकानुशतके ये-जा करणाऱ्या माणसांच्या कालमापनात असे साम्य असावे, यात नवल नाही.

उपयोग आणि मर्यादा

कमालने रेखांश कळत नाही. म्हणून प्रवासाची रीत अशी असे की, प्रथम उत्तर-दक्षिण जाऊन इच्छित बंदराच्या ताऱ्याची उंची गाठावयाची आणि मग ती उंची राखीत पूर्वेस किंवा पश्चिमेस सरळ जावयाचे. अरबस्तानाकडून येणाऱ्या जहाजासमोर भारताचा पश्चिम किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला असल्यामुळे ही रीत येथे विशेष उपयोगी पडे.

प्रिन्सेपच्या नियमाने तयार केलेली दोरी आज आपल्या किनाऱ्यावर धरली तर काय दिसेल, हे गणिताने सांगता येते. दहाची गाठ सुमारे १८.९ अंश दाखविते, मुंबईचा अक्षांश जवळजवळ तोच आहे. नऊची गाठ सुमारे १७ अंश, म्हणजे रत्नागिरी. आठची गाठ पणजीच्या थोडी दक्षिणेस येते. सहाची गाठ कालिकतच्या आसपास. चारपासून बारापर्यंतचा संपूर्ण पट्टा साडेसात ते साडेबावीस अंशांचा आहे. मालदीवच्या उत्तरेपासून गुजरातपर्यंतचा समुद्र त्यात मावतो. या गाठी वरील बंदरांसाठीच मारल्या होत्या असा याचा अर्थ नव्हे. उपकरण कोणत्या समुद्राचे आहे, एवढे मात्र त्यावरून कळते. याहून उत्तरेस गेले की फळी नाकाला टेकू लागते. युरोपच्या उत्तरेकडील समुद्रात हे साधन का रुजले नाही, याचे एक कारण त्याच्या भूमितीतच आहे.

इतर मर्यादाही आहेत. दोरी दातांत आणि दृष्टी डोळ्यात असल्यामुळे दोहोंमधील अंतराने मापात फरक पडतो, आणि फळी जितकी जवळ तितका तो अधिक जाणवतो. शिवाय तारा आणि क्षितिज ही दोन्ही एकाच वेळी दिसली पाहिजेत; म्हणून संधिप्रकाश किंवा चांदणे हवे. प्रस्तुत लेखकाने पुठ्ठा आणि सुतळी घेऊन किनाऱ्यावर हा प्रयोग केला तेव्हा ध्रुव शोधण्यापेक्षा क्षितिजरेषा निश्चित करणेच अधिक अवघड गेले. दोरी दातांत असल्यामुळे मदतनिसाला काही सांगताही येईना. मापन संपेपर्यंत निरीक्षकाने मौन पाळणे येथे अपरिहार्य आहे.

तथापि या सर्वांहून मोठी अडचण वेगळीच होती. आज ध्रुवतारा खगोलीय ध्रुवापासून एका अंशाहूनही कमी अंतरावर आहे. इ. स. १५०० च्या सुमारास तो सुमारे साडेतीन अंश दूर होता. त्यामुळे रात्रीच्या वेगवेगळ्या प्रहरी तो ध्रुवाच्या वर, खाली किंवा बाजूला असे. साडेतीन अंशांची चूक म्हणजे किती? मुंबई आणि पणजी यांच्या अक्षांशांत जवळजवळ एवढेच अंतर आहे. वर आणि खाली मिळून हा फरक दुप्पट होतो. अशी चूक करणाऱ्या जहाजाला भलत्याच किनाऱ्यावर, कदाचित खडकांवर, जावे लागले असते. गाठ योग्य, हात स्थिर, दृष्टी निर्दोष, आणि तरीही उत्तर चुकीचे.

पद्याचे स्थान

या चुकीवरील उपाय फळीवर नव्हता, दोरीवरही नव्हता. तो मालिमाच्या तोंडपाठ असलेल्या पद्यात होता. या दुरुस्तीला अरबी नाविक ‘बाशी’ म्हणत. चांद्र नक्षत्रांपैकी कोणते कोठे असता ध्रुवतारा आपल्या वर्तुळात कोठे असतो आणि मापात किती मिळवावे, हे त्यात सांगितलेले असे.

पंधराव्या शतकातील अहमद इब्न माजिद हा या वाङ्मयाचा सर्वांत प्रसिद्ध कर्ता. तो जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल-खैमाच्या परिसरातील. इ. स. १४९० च्या सुमारास पूर्ण झालेला त्याचा ‘फवाइद’ हा गद्य ग्रंथ जी. आर. टिबेट्स यांच्या १९७१ मधील इंग्रजी अनुवादामुळे अभ्यासकांना सुलभ झाला. परंतु त्याच्या रचनेचा मोठा भाग पद्य आहे. १४६२ मधील ‘हाविया’ ही एकच रचना हजारांहून अधिक ओळींची असून ती ‘रजज’ या सुटसुटीत वृत्तात आहे. बंदरांच्या ताऱ्यांच्या उंची, वाऱ्यांचे हंगाम, किनाऱ्यांच्या खुणा असा तिचा विषय आहे.

अशा पद्याविषयी आपले मत ठरून गेलेले असते. विषय शास्त्रीय, वृत्त केवळ स्मरणासाठी, म्हणून काव्य नव्हे. आणि काव्य नव्हे म्हणून आपले नव्हे. या मतातील पहिली दोन विधाने मान्य केली तरी तिसरे त्यातून निघत नाही. वृत्त येथे अलंकार नाही हे खरे. पण ते केवळ सोयही नाही. डगमगणाऱ्या डोलकाठीखाली, अंधारात, दोन्ही हात गुंतलेले असताना कागद उलगडता येत नाही. आकडा चुकला तर वृत्त मोडते, आणि वृत्त मोडले की चूक कानाला कळते. म्हणजे वृत्त येथे पाठाचे रक्षण करते. गाठ दोरीवर जे काम करते, तेच काम यमक व मात्रा स्मृतीवर करतात. मराठीत आपण ‘मनाशी खूणगाठ बांधणे’ म्हणतो. कमालच्या बाबतीत हा वाक्प्रचार अक्षरशः खरा आहे. एक गाठ हातात, दुसरी मनात, आणि दोन्ही जुळल्या तरच बंदर सापडते.

१४९८ ची साक्ष

१४९८ च्या एप्रिलमध्ये वास्को द गामा मालिंदीहून निघाला आणि २० मे रोजी कालिकतजवळ पोहोचला. मालिंदीच्या राजाने त्याला एक वाटाड्या दिला होता. जोआंव द बारोस हा पोर्तुगीज इतिहासकार १५५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सांगतो की, द गामाने या वाटाड्याला आपले यंत्रराज, म्हणजे अॅस्ट्रोलेब, दाखविले तेव्हा त्याला काहीच आश्चर्य वाटले नाही. तांबड्या समुद्रातील नाविक पितळी उपकरणे वापरतात, पण आपण आणि खंबायतचे व हिंदुस्थानचे लोक तीन फळ्यांचे साधन वापरतो, असे त्याने सांगितले. फळीचे हे साधन युरोपियनांनी पाहिल्याची ही बोलकी नोंद आहे.

बारोस या वाटाड्याला गुजराती मुसलमान म्हणतो आणि त्याचे नाव ‘मालेमो काना’ असे देतो. दुसऱ्या पोर्तुगीज लेखकाकडे ते ‘कानाका’ असे आहे. पहिला शब्द अरबी ‘मुअल्लिम’, म्हणजे शिक्षक, जहाजावरील मार्गदर्शक. दुसऱ्याचा संबंध अभ्यासकांनी संस्कृत ‘गणक’शी जोडला आहे. तसे असेल तर हे व्यक्तिनाम नसून अर्धी अरबी, अर्धी भारतीय अशी पदवी ठरते. हा मनुष्य म्हणजेच इब्न माजिद, असे सोळाव्या शतकातील मक्केच्या एका इतिहासकाराच्या विधानावरून गाब्रिएल फेराँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रतिपादिले आणि ते पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. आता बहुतेक अभ्यासक ते स्वीकारीत नाहीत. बारोसची साक्षच त्याच्या विरुद्ध जाते. ज्याने ग्रंथ लिहिले त्याचेच नाव सर्व कर्तृत्वाला चिकटते आणि ज्याने फळी धरली तो अनामिक राहतो, ही आपल्या वाङ्मयेतिहासालाही परिचित असलेली प्रवृत्ती आहे.

समारोप

याउलट यंत्रराजाचे भाग्य पाहावे. १३७० मध्ये, फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयाने, महेंद्रसूरीने त्यावर संस्कृत ग्रंथ रचला आणि त्या उपकरणाला राजपद मिळाले. त्यावर टीका झाल्या, त्याचे नमुने संग्रहालयांत आहेत. फळी-दोरीला असा ग्रंथकार भारतीय भाषांत लाभला नाही. अरबी पद्य आणि बंदरांतील माणसे यांच्या आधारावरच ती एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली.

आपल्या अभ्यासक्रमात श्रीपतीच्या ज्योतिषरत्नमालेवरील मराठी टीका येते, ती मराठीच्या आरंभकाळाचा पुरावा म्हणून. तिच्यातील क्रियापदे आपण तपासतो. ती काय सांगते हे क्वचितच वाचतो. ‘आज्ञापत्रा’तील आरमाराचे प्रकरण आपण गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकवितो. ‘नाखवा’ या शब्दाची फारसी व्युत्पत्ती आपण देतो. नाखवा रात्री काय करीत होता हे विचारीत नाही. मौखिक परंपरा म्हटली की ओव्या, लोकगीते, कथा एवढेच आपल्यासमोर येते. हाताने करावयाच्या कामांभोवती जी भाषा वाढते, जी वस्तूविना कळत नाही आणि जिच्याविना वस्तू चालत नाही, तिचा समावेश आपण त्या परंपरेत करीत नाही. ही भाषा नष्ट होते ती पुस्तके जळाल्यामुळे नव्हे, तर वस्तू वापरातून गेल्यामुळे. तिची नोंद घेण्यासाठी कोशाबरोबर दोरीही हाती घ्यावी लागते.

म्हणून शेवटी एक व्यावहारिक सूचना. पदव्युत्तर वर्गात अशा पद्याविषयी बोलण्याचा प्रसंग आला तर पाच सेंटिमीटरचा पुठ्ठा आणि हातभर सुतळी बरोबर न्यावी. वर दिलेल्या नियमाने नऊ गाठी विद्यार्थ्यांकडूनच मारून घ्याव्यात. त्यानंतर ‘पद्य कशासाठी?’ हा प्रश्न विचारावा.